जुन्या ठाण्यात मेंबर्स-ओन्ली लाउंज काढायचाय? मग आधी हे वाचा

जांभळी नाका, चेंदणी, खारकर आळी या बाजूला जुनं कौलारू घर दिसलं की हल्ली बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं, इथे बाहेर बोर्ड नसलेला, फक्त मेंबरांचा लाउंज काढू. आयडिया भारीच आहे, पण अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती म्हणून तिथले बार लपून चालायचे, आपल्याकडेही १९४९ च्या कायद्यानंतर मुंबईत आंटीच्या अड्ड्यावर (बाया घरातच चालवायच्या त्या चोरट्या गुत्त्यावर) तेच, तुम्हाला मात्र फक्त दार लपवायचंय, कागद नाही.

पहिलं काम म्हणजे सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड काढा. काकांची मुलं, आत्याची मुलं, शिवाय पागडीवाला भाडेकरू, हक्क सांगणारे सगळे निघतात. सह्या होत नसतील तर तिथेच थांबा, इंटिरियरवाल्याला फोनसुद्धा करू नका. मग पालिकेच्या शहर विकास विभागात जाऊन घर हेरिटेज यादीत आहे का ते विचारा.

लायसन्सचं म्हणाल तर "आमचे मेंबरच पितात, मग लायसन्स कशाला" हे अजिबात चालत नाही. खाजगी धंदा असेल तर परमिट रूमचं एफएल-३ लागतं, शाळा-देवळापासूनचं अंतर मोजलं जातं आणि जुन्या ठाण्यात दर वळणावर देऊळ आहे, त्यामुळे डिपॉझिट द्यायच्या आधी एक्साइजला (राज्य उत्पादन शुल्क खात्याला) विचारून घ्या. शिवाय बियर-वाइनला २१, हार्डला २५ वर्षं, पिणाऱ्याकडे परमिट, तेव्हा मेंबरशिप फॉर्मबरोबरच वयाचा पुरावा घेऊन टाका.

आता भिंती, इथेच सगळे माती खातात. जुनी भिंत चुन्याची, ती ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते आणि दोनेक पावसाळ्यांत पोपडे सुटायला लागतात, वर वॉलपेपर लावला असेल तर मागे बुरशी, आणि तो कुबट वास कितीही महागड्या परफ्यूमने जात नाही. सिमेंट खरवडून काढा, चुना-सुरखीचा (सुरखी म्हणजे विटांची पूड) गिलावा करा, चुना नीट विरू द्या, घाई नको, आणि चुन्यात हात बसलेला गवंडीच शोधा, कारण नेहमीचा माणूस हळूच सिमेंट मिसळतो (लवकर सुकतं ना!). तुळयांच्या टोकांना स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, भिंतीत शिरतात तिथेच वाळवी असते.

पुस्तकांच्या कपाटामागचं दार सगळ्यांना हवंच असतं, करा की, पण ते येण्यासाठी. बाहेर पडायचं दार वेगळं, बाहेरच्या बाजूला उघडणारं, वर दिवा असलेलं, समोर खुर्ची न ठेवलेलं. लाकडी मजला आहे, आग लागली तर तिथे कपाट ढकलत बसायला वेळ नसतो. फायर एनओसी देणारे अग्निशमन दलवालेही आधी तेच बघतात.

आवाजाचं एक, लाकडी मजल्यातून बास सरळ खाली जातो. स्पीकर भिंतीला ठोकू नका, रबर पॅडवर ठेवा, रात्री दहानंतर एकाला शेजारच्या घरात बसवा आणि तिथून त्याला ठोके ऐकू येत नाहीत तोवर आवाज कमी करत जा.

मेनूत कोकम, आवळा, गवती चहा वापरा, चखण्याला उकडलेली अंडी आणि चणे ठेवा, आंटीकडेही तेच मिळायचं. पासवर्ड दर आठवड्याला बदला, आणि २ ऑक्टोबरला, म्हणजे ड्राय डेला, कोणी कितीही मोठा मेंबर असला तरी त्याला कोकमच द्या.