मोजक्या खर्चात सरावाचे छर्रे कसे निवडावेत : नव्या एअर रायफलधारकांसाठी

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये नेमबाजीचे विश्वविजेतेपद मिळवले, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले. अशा जिल्ह्यात मुलाने किंवा मुलीने रायफलचा हट्ट धरला, तर आईवडिलांना तो फार काळ मोडवत नाही. रायफल एकदाच घ्यावी लागते; छर्रे मात्र दूध-भाजीसारखे सतत लागतात, आणि त्यांची निवड बहुतेक वेळा दुकानदाराच्या किंवा रेंजवरच्या शेजाऱ्याच्या शब्दावर होते.

आधी एक मर्यादा स्पष्ट करायला हवी. वरील तिन्ही पदके पॉइंट बावीस बोअरच्या हत्याराने मिळालेली आहेत. त्या हत्याराला आणि त्याच्या काडतुसांना शस्त्र परवाना लागतो. काडतुसे परवान्यावर नोंदलेल्या मर्यादेतच आणि परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी लागतात. नवा नेमबाज मात्र बहुधा १० मीटरच्या एअर रायफलने सुरुवात करतो. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलला परवान्याची गरज नसते. खरेदीच्या वेळी ओळखपत्र द्यावे आणि पावती जपून ठेवावी. पुढील सर्व विवेचन या ४.५ मिलिमीटरच्या छर्ऱ्यांपुरतेच आहे.

पहिली पायरी आकाराची. कागदी टार्गेटवरच्या सरावासाठी सपाट तोंडाचा छर्रा घ्यावा, कारण तो कागदाला स्वच्छ, गोल भोक पाडतो आणि गुण निःसंदिग्धपणे वाचता येतात. टोकदार छर्रा कागद फाडतो, त्यामुळे रेषेवरच्या गुणावरून वाद होतात. दुकानात टोकदार छर्रे ‘जास्त ताकदीचे’ म्हणून पुढे केले जातात. १० मीटरवर त्या ताकदीचा काहीही उपयोग नाही. पोलादी गोल छर्रे आटे (आतल्या पीळदार खाचा) असलेल्या नळीत कधीही घालू नयेत. ते आटे खराब करतात आणि कठीण पृष्ठभागावर आपटून उलट येतात.

दुसरी पायरी वजनाची. स्पर्धेच्या छर्ऱ्यांत ०.४५ ग्रॅमच्या आसपासचे हलके छर्रे साधारणतः पिस्तुलासाठी आणि ०.५३ ग्रॅमच्या आसपासचे रायफलसाठी वापरले जातात. हा नियम नव्हे, प्रघात आहे. स्प्रिंगवर चालणाऱ्या साध्या रायफलमध्ये हलका छर्रा अनेकदा अधिक चांगला जमतो, म्हणून अशी रायफल असलेल्याने दोन्ही वजने तपासून पाहावीत.

आता किमतीचा प्रश्न. डब्याची किंमत पाहून निर्णय घेऊ नये, एका शॉटचा खर्च काढावा. समजा, एक डबा ६०० रुपयांना मिळतो आणि त्यात ५०० नग आहेत; दुसरा ४०० रुपयांना मिळतो, पण त्यात २५० नग आहेत. पहिल्याचा शॉट १ रुपया २० पैशांना पडतो, दुसऱ्याचा १ रुपया ६० पैशांना. स्वस्त दिसणारा डबा इथे महाग निघाला. त्यानंतर महिन्याची गरज मोजावी. स्पर्धेत ६० शॉट असतात. आठवड्यातून तीन दिवस तेवढेच मारले तरी महिन्याला सुमारे ७८० छर्रे, म्हणजे ५०० नगांचे दीड डबे लागतात.

महागडा छर्रा घ्यावा की नाही, याचे उत्तर हाताच्या स्थिरतेवर अवलंबून आहे आणि ते गणिताने देता येते. १० मीटर रायफलच्या टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. नवा नेमबाज उभ्याने आपले शॉट काळ्या भागात ठेवू लागला, म्हणजे त्याचा ग्रुप (एकापाठोपाठ मारलेल्या शॉटचा पसारा) साधारण ३० मिलिमीटरचा झाला, असे धरू. त्याच्या रायफलमध्ये उत्तम छर्रा ५ मिलिमीटरचा ग्रुप देतो आणि मध्यम छर्रा ८ मिलिमीटरचा. हाताची आणि छर्ऱ्याची चूक एकमेकांपासून स्वतंत्र असल्यामुळे त्यांची सरळ बेरीज होत नाही. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. उत्तम छर्ऱ्याने एकूण ग्रुप सुमारे ३०.४ मिलिमीटरचा येतो आणि मध्यम छर्ऱ्याने ३१ चा. मिलिमीटरभरही नसलेल्या या फरकासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. हाच नेमबाज पुढे १० मिलिमीटरवर आला, की तोच फरक ११.२ विरुद्ध १२.८ असा दिसू लागतो, आणि तेव्हा चांगल्या डब्याचा खर्च सार्थकी लागतो.

म्हणजे सगळ्यांत स्वस्त तेच घ्यावे, असे मात्र नाही. अत्यंत निकृष्ट डब्यात मागचा घेर चेपलेले, कडेला शिशाचे कुसळ राहिलेले छर्रे सापडतात, आणि असा एखादा छर्रा कारण नसताना सातच्या कड्यात जातो. नेमबाजाने ट्रिगर नीट दाबलेला असतो, नेमही बरोबर असतो. पण टार्गेट चूक झाल्याचे सांगते आणि तो बिघडलेली नसलेली गोष्ट दुरुस्त करू लागतो. सुरुवातीच्या काळात हे नुकसान पैशांपेक्षा मोठे आहे. म्हणून माझे मत मधल्या दर्जाच्या बाजूने आहे. आरडब्ल्यूएसचा आर-१० किंवा एच अँड एनचा फिनाले मॅच हे स्पर्धेचे छर्रे आहेत. त्याच कंपन्यांचे खालच्या किमतीतले सपाट तोंडाचे छर्रे सरावाला पुरेसे ठरतात. डब्यावरचा ४.४९, ४.५० किंवा ४.५१ हा तोंडाच्या व्यासाचा आकडा पहिल्या वर्षी मनावर घेऊ नये, ४.५० ने सुरुवात करावी.

डबा घेतल्यावर त्याची परीक्षा घरीच करता येते. एक सपाट काच किंचित तिरकी ठेवून तिच्यावरून वीस छर्रे एकेक करून सोडावेत. छर्ऱ्याचा मागचा घेर तोंडापेक्षा किंचित मोठा असल्यामुळे तो सरळ न घरंगळता वळण घेतो. सारखे छर्रे सारखेच वळण घेतात आणि चेपलेला छर्रा अडखळत भलतीकडे जातो. वजनासाठी मिलिग्रॅम दाखवणारा काटा लागतो. तो विकत घेण्याची गरज नाही. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ पेठेत, ओळखीचे सराफ असतील, तर दुपारच्या निवांत वेळी वीस छर्रे तोलून देण्यास ते सहसा नाही म्हणत नाहीत. सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड छर्ऱ्यात ०.०२ ग्रॅमपेक्षा अधिक तफावत असेल, तर तो डबा पुन्हा घेऊ नये.

खरी परीक्षा रेंजवरच होते, कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी असते आणि एकाच कंपनीच्या दोन रायफलींनाही तोच छर्रा मानवेल असे नाही. कोल्हापुरातील दुधाळी रेंजसारख्या ठिकाणी सराव करणाऱ्यांनी सोबत्यांकडून वेगवेगळ्या प्रकारचे वीस-वीस छर्रे बदली करून घ्यावेत, म्हणजे चाचणीसाठी अख्खे डबे विकत घ्यावे लागत नाहीत. रायफल टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवावी. छर्ऱ्याचा प्रकार बदलला, की आधी दहाएक शॉट न मोजता मारावेत, कारण नळीत मागच्या छर्ऱ्याच्या शिशाचा थर असतो. मग पाच-पाच शॉटचे दोन ग्रुप घ्यावेत. ग्रुपमधील सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजून त्यातून ४.५ वजा करावे. येणारा आकडा हा ग्रुपचा आकार. ग्रुप टार्गेटच्या मध्यापासून सरकलेला असेल तर काळजी नको, ते साइट (नेम धरण्याचे साधन) फिरवून दुरुस्त होते. ग्रुपचा आकार मात्र साइटने बदलत नाही.

एक प्रकार ठरला, की डब्यावरचा बॅच क्रमांक लिहून ठेवावा आणि शक्य असल्यास त्याच बॅचचे चार-सहा डबे एकदम घ्यावेत. क्लबमधील तिघा-चौघांनी मिळून मागणी नोंदवली, तर दरही कमी होऊ शकतो आणि बॅचही एकच राहते.

खर्च कमी करण्याचा सर्वांत मोठा मार्ग छर्रा न वापरणे हाच आहे. हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या स्पर्धेच्या रायफलींत रिकाम्या सरावाची सोय असते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरावा आणि ट्रिगर दाबावा. स्प्रिंगच्या रायफलमध्ये मात्र छर्ऱ्याशिवाय ट्रिगर दाबू नये, कारण पुढे हवेचा विरोध न मिळाल्याने पिस्टन जोराने आदळतो आणि यंत्रणा खराब होते. वापरलेले छर्रे गोळा करून पुन्हा मारण्याची काटकसर कोणीही करू नये. ते चेपलेले असतात आणि नळीत अडकू शकतात.

साठवणीकडे कोल्हापुरात विशेष लक्ष द्यावे लागते. जून ते सप्टेंबर या काळातील दमट हवेत उघड्या डब्यातील शिशावर पांढरट भुकटी धरते. डबा घट्ट बंद करून, आत सिलिका जेलची पुडी टाकून, कोरड्या कपाटात मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. ज्या छर्ऱ्यांवर भुकटी आली असेल, ते पुसून वापरण्याऐवजी बाजूला काढावेत, कारण ती भुकटी शिशाची असते आणि श्वासावाटे किंवा हातावाटे शरीरात जाते. याच कारणाने छर्रे दातांत धरू नयेत, रेंजवर काही खाऊ नये आणि सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्यातल्या पोळी-भाजीला हात लावू नये.