फादर ओळखीचे, बातमी चर्चची: सोर्सशी कसं वागायचं

बेळगाव-खानापूर भागात चर्चची बातमी करायची तर पहिली अडचण ही की सगळेच ओळखीचे, फादरनी घर आशीर्वाद केलेलं, सिस्टरनी शाळेत छड्या मारलेल्या, पॅरिश कौन्सिलमधे, म्हणजे चर्चच्या कमिटीत, एखादा मामा. फोन लावला की आधी घरच्यांची चौकशी आणि त्यातच मधे बातमी निघते. म्हणून गप्पा थांबवून सरळ सांगायचं, "फादर, आता मी पेपरसाठी विचारतोय हं." नावानिशी छापायचं, नाव न घालता, की नुसतं माझ्या माहितीसाठी, हे बोलायच्या आधीच ठरवून घ्या. बिशप हाऊसमधला, म्हणजे बिशपच्या ऑफिसातला माणूस सगळं बोलून झाल्यावर "हे ऑफ द रेकॉर्ड बरं का" म्हणाला तर ते ऐकायलाच पाहिजे असं नाही, त्याला नियम माहीत असतात की. गावातल्या आजीबाईला मात्र सूट द्या.

नाव न घालण्यातच खरी गंमत आहे. गावात फादर एकच, आणि आपण लिहिणार "तिथल्या एका धर्मगुरूंनी सांगितलं"! मग नाव लपवलं कुठं? अशा वेळी "डायोसिसमधले एक फादर" लिहा, डायोसिस म्हणजे बिशपच्या हाताखालचा सगळा भाग, धारवाड-हुबळी पण त्यातच येतं, त्यामुळं जरा आडोसा मिळतो. आणि "मेलो तरी नाव सांगणार नाही" असले वायदे करू नका. प्रेस कौन्सिल कायदा १९७८, कलम १५(२) प्रमाणं सोर्स सांगायची सक्ती करता येत नाही, पण ही सूट फक्त कौन्सिलपुढं, कोर्टाचं वेगळं. हे सोर्सला आधीच सांगून टाकलेलं बरं.

प्रार्थना सभेची बातमी असेल तर अजून जपून. कर्नाटकचं धर्मांतरबंदीचं बिल विधानसभेत पास झालं ते डिसेंबर २०२१ मधे आपल्याच बेळगावच्या सुवर्णसौधात, २०२२ ला कायदा झाला, २०२३ ला कॅबिनेटनं तो रद्द करायचं ठरवलं, पण गावातला संशय कॅबिनेटच्या ठरावानं जात नाही. घरच्यांनी हौसेनं फोटो दिला तरी विचारा, उद्या हा गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला तर चालेल काय? रात्रभर विचार करू द्या आणि सकाळी परत विचारा.

लहान मुलांवरच्या अत्याचाराची केस असेल तर पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं) कलम २३ पाठच करा, नाव, पत्ता, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीच छापायचं नाही. "हे पोपचं गुपित आहे", म्हणजे चर्चच्या गुप्ततेच्या नियमाखाली येतं, असं कुणी म्हणालं तर सांगा, अशा केसेससाठी ते पोप फ्रान्सिसनी डिसेंबर २०१९ लाच काढलं. म्हणून फाइल तुमच्या हातात पडेल असं नाही, पण पोलिसांना ते कारण सांगून अडवता येत नाही. कन्फेशनमधे, म्हणजे फादरपुढं पापाची कबुली देताना, काय झालं हे मात्र फादरला आडून पण विचारायचं नाही, आणि तिथं मोबाइल चालू ठेवून रेकॉर्ड करणं हा चर्चच्या कायद्यात गुन्हाच आहे.

नवीन बिशपचं नाव रोममधे दुपारी १२ ला जाहीर होतं, म्हणजे आपल्याकडं साडेतीन, थंडीत साडेचार. एम्बार्गो (ठरल्या वेळेआधी न छापायची अट) मान्य करून नाव घेतलं असेल तर तोवर गप्प बसा. फीस्टचं (चर्चच्या सणाचं) जेवण जेवा, पाकीट घेऊ नका.

आरोपाची बातमी असली की बिशप हाऊसला प्रश्न लेखी पाठवा, उत्तराची वेळ घालून, आणि ऑफिसला फोन करून पोचले का ते बघा. शनिवारी रात्री पाठवून "प्रतिसाद मिळाला नाही" लिहिणं हा चोरटेपणा झाला, रविवारी सकाळी सगळे मिसात (चर्चच्या प्रार्थनेत) असतात हे आपल्याला माहीत असतंच की.