बॉबकॅटच्या मागावर हाउंड सोडताना या चुका टाळा

पहिल्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या डोंगरात मी बॉबकॅट या रानमांजराच्या मागावर ट्रीइंग वॉकर जातीची दोन हाउंड कुत्री (वासानं माग काढून जनावराला झाडावर चढवणारी) सहा वेळा सोडली आणि सहाही वेळा हात हलवत परतलो. दोष कुत्र्यांच्या माथी मारत होतो. पुढच्या वर्षी एका जुन्याजाणत्या शिकाऱ्याबरोबर हिंडलो तेव्हा कळलं, कुत्री चोख होती, मीच त्यांच्या आड येत होतो.

माझ्यासारखं ज्यांचं लहानपण लातूर-सोलापूरकडं कारवानी कुत्र्यांत गेलं, त्यांची तर पहिल्याच पावलाला फसगत होते. कारवानी डोळ्यानं पळतं, समोर काही हललं की सुटलं. हाउंडचं सगळं काम नाकावर चालतं. तो रेंगाळतोय असं वाटलं तरी त्याला हाकलू नका. बॉबकॅटचा वास मुळातच हलका असतो, आणि कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी तर जमिनीवर टिकतच नाही. (भारतात १९७२ च्या कायद्यानं वन्यप्राण्यांची शिकार बंद आहे, तेव्हा हे सगळं अमेरिकेपुरतंच.)

शिळ्या मागावर कुत्री सोडणं ही नवख्यांची नेहमीची चूक. बर्फातल्या ठशाजवळ गुडघे टेकून बसा. कडा धारदार आणि आतला भुगा मोकळा असेल तर माग ताजा. कडा वितळून गोलावल्या असतील, तळाला कडक पापुद्रा धरला असेल तर मांजर केव्हाच निघून गेलंय. ठसा साधारण ५ सेंटिमीटरचा, गोलसर, नखांची खूण नसलेला हवा. नखं उमटली असतील आणि ठसा लांबट असेल तर तो कोयोटीचा, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यासारख्या जनावराचा. ठसा याच्या जवळपास दुप्पट आणि केसाळ, पुसट दिसला तर कुत्री गाडीतच ठेवा. तो कॅनडा लिंक्स, म्हणजे बॉबकॅटचाच भाऊबंद असलेलं रानमांजर असू शकतं, आणि २००० सालापासून त्याला अमेरिकी संघराज्याच्या कायद्याचं संरक्षण आहे.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. बॉबकॅट लांब पळत नाही, ते चकवतं. गोल फिरतं, पडलेल्या ओंडक्यावरून चालत जातं, स्वतःच्याच पावलांवरून मागं येतं आणि बाजूच्या खडकावर उडी मारतं. कुत्री भरात पुढं निघून जातात आणि दरीतला आवाज एकदम थांबतो. ती शांतता मला सोसत नसे. मी हाका मारत खाली धावायचो. माझ्या बुटांखाली उरलासुरला माग तुडवला जायचा आणि कुत्री जमीन हुंगायचं सोडून माझ्या तोंडाकडं बघत उभी राहायची. काही दिवसांनी त्यांना सवयच लागली, माग तुटला की थांबायचं, धनी येतोच आहे. ही सवय मोडायला मला अख्खा हंगाम लागला. आता मी घड्याळ लावून वीस मिनिटं जागचा हलत नाही. तेवढ्यात जमलं नाही तर कुत्र्यांपासून दूर राहून मोठा वळसा घालतो आणि त्या तुकड्यातून बाहेर पडलेला ठसा शोधतो. सापडला की त्यांना गुपचूप तिथं नेतो. बहुतेक वेळा वळशाची गरजच पडत नाही, म्हातारी कुत्री स्वतःच मागं फिरून गाठ सोडवते.

कुत्री हरणामागं गेली असं नुसतं वाटलं म्हणून शॉक कॉलरचं (विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्याचं) बटण दाबू नका. ती खरोखर मांजरावर असतील तर झटका बसेल तो मांजराच्या वासासाठी, आणि पुढं तो वास आला की कुत्रं माग सोडून देईल. हरीण डोळ्यांनी दिसलं किंवा मागावर खूर सापडले तरच बटण.

झाडाखाली भुंकणं चाललंय आणि वर काहीच नाही? लगेच कुत्र्याला खोटं ठरवू नका. बॉबकॅट फांदीला चिकटून सपाट पडतं. चारी बाजूंनी, जरा लांबून, दुर्बिणीनं बघा. शेजारचं झाड बघा, खडकाची कपारही बघा. तरीही नसेल तर शाबासकी न देता कुत्र्यांना दोरी लावून न्या.

कायद्याचं अज्ञान चालत नाही. वॉशिंग्टन राज्यात १९९६ च्या मतदानानं हाउंडनी बॉबकॅट मारण्यावर बंदी आली. कॅलिफोर्नियात ती २०१३ पासून आहे. आयडाहोत हाउंडसाठी वेगळा परवाना लागतो. हंगामाचे नियम दरवर्षी नव्यानं वाचा.

आणि कुत्र्याचा जीव. लांडग्यांचा ताजा माग दिसला तर त्या डोंगरात कुत्री सोडूच नका, लांडगे हाउंडना फाडतात. सापळ्यांचा हंगाम याच दिवसांत असतो, म्हणून फासाची तार कापणारी पक्कड कमरेला हवीच, आणि सापळा उघडण्याचा सराव घरीच करून ठेवा. थंडीत कुत्र्याचा ठावठिकाणा दाखवणाऱ्या जीपीएस पट्ट्याची बॅटरी लवकर उतरते, तो रात्री पूर्ण चार्ज करा. परतल्यावर आधी कुत्र्यांची पावलं बघा. बोटांच्या मध्ये बर्फाचे खडे धरतात, ते ओढू नका, तळहातात पंजा धरून वितळू द्या. मग पंजाखालची गादी चिरलीय का ते अंगठ्यानं चाचपा. चीर असेल तर ती भरेपर्यंत कुत्रं घरी.