जातीच्या राज्याची कथा लिहायची असेल तर

हिवाळा आला की बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूरकडं साहित्य संमेलनांचे मांडव उभे राहतात, आणि आमच्या वाचनालयातल्या पोरांच्या वह्यांत एकच कथा उगवते. सन 2150. सोळाव्या वर्षी सगळ्यांची परीक्षा, मग पाच रंगांचे पाच गट, आणि एक मुलगी कुठल्याच रंगात बसत नाही. रविवारी या वह्या माझ्याकडं येतात. माझी पहिली सूचना ठरलेली असते: ती परीक्षा काढून टाका.

आपल्याकडं परीक्षेची गरज कुणाला पडली? म्हातारी उंबऱ्यावरूनच विचारते, "कुणाची गं तू?" गाव, गल्ली, आडनाव. चहा यायच्या आत निकाल लागतो आणि चहा कुठल्या कपातून यायचा तेही ठरतं. यंत्रं, चिप, कॅमेरे नंतर घाला, हौस असेल तर.

राज्य उभं करताना लग्नापासून सुरुवात करा. बाबासाहेबांनी 1916 साली, विद्यार्थी असतानाच, न्यूयॉर्कला वाचलेल्या निबंधात हे मांडलं होतं: जातीबाहेर लग्न होऊ न देणं हाच जातीचा गाभा. म्हणून कोण कुणाशी सोयरीक करू शकत नाही याचा तक्ता आधी. धंदा, पाणी, कपडे त्याच्या मागोमाग येतात. पुढं 1920 मध्ये 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात त्यांनी हिंदू समाजाला शिडी नसलेला मनोरा म्हटलं. पोरं या मनोऱ्याचा वरचा मजला आणि तळमजला तेवढे रंगवतात. मधले मजले लिहा. तिथं प्रत्येकाला वरच्याचा जाच आहे आणि खाली हिणवायला कुणीतरी आहे, म्हणून तर मनोरा पडत नाही. तुमच्या नायिकेच्या घरचेही कुणाला तरी ओसरीखाली बसवत असले पाहिजेत, आणि तिनं ते लहानपणापासून मुकाट्यानं पाहिलेलं असलं पाहिजे.

तपशिलासाठी मंगळावर जाऊ नका. मी निपाणीची, आई बिड्या वळायची. संध्याकाळी कारखान्यात चेकर जुडी हातात घ्यायचा, दोन बोटांनी चाचपायचा आणि बिड्या बाजूला टाकायचा. ती छाट. छाटीचे पैसे नाहीत, आणि बिडी परतही मिळायची नाही. का, ते विचारायची सोय नव्हती. तुमच्या राज्यात माणसांचा असा चेकर कोण, तो काय चाचपतो आणि छाट झालेल्यांचं पुढं काय करतात, एवढं ठरलं की अर्धी कथा झाली.

आता न बसणारा माणूस. त्याला जन्मखूण नको, भविष्यवाणी नको. एक बारीक, हट्टी आवड द्या आणि ती भलत्याच घरात जन्माला घाला. खानापूरला खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था आहे. समजा, एका वजनदार शेतकरी घरातला पोरगा तिथल्या चाकावर बसला आणि उठायलाच तयार नाही. त्याला कुणी मारत नाही. "कुंभार झालास काय रे?" म्हणून चुलते हसतात. मग स्थळं येईनाशी होतात, बहिणीचं जमत आलेलं मोडतं. वर चढणारा राज्याला खुपतो हे सगळ्यांना कळतं. आपण होऊन खाली उतरणारा त्याहून जास्त खुपतो, हे फार कमी जण लिहितात.

त्याला अडवायला शिपाई आणू नका. आई आणा.

"कुठं जाऊलालास?"

"चाकावर."

"जेवून जा. आणि हे बघ, ताईचं ठरेपर्यंत तरी नको."

ही आई खलनायिका झाली की कथा संपली म्हणून समजा.

राज्याचा सगळ्यात हुशार डाव मात्र यल्लम्मादेवीच्या सौंदत्तीच्या वाटेवर दिसतो. केसात जट आली, किंवा मुलाची चाल बायकी वाटली, की यल्लम्मानं धरलं म्हणायचं आणि हातात परडी द्यायची. न बसणाऱ्याला हाकललं नाही; त्याच्यासाठी वेगळा कप्पा केला, त्याच्या पाया पडले, आणि संसारातून बाहेर ठेवलं. देवीला सोडलेल्या मुली बहुतेक दलित घरांतल्या. कर्नाटकानं देवदासी सोडण्यावर 1982 मध्ये कायद्यानं बंदी घातली, तरी हा डाव समजून घ्या. तुमच्या 2150 च्या राज्यातही असा एक मानाचा कप्पा असू द्या. नायकाला तो देऊ केला जातो तो प्रसंग घाईनं उरकू नका. नाही म्हणणं तिथं बंडापेक्षा अवघड आहे.

सीमाभागात बसून लिहिताय, तर भाषेची रेघ येणारच. 1956 मध्ये हा भाग कन्नड राज्यात गेला, तेव्हापासून आपण "आमचा का त्यांचा" याच प्रश्नात वाढलो. मीही वाढले, आणि आपल्यावर अन्याय झाला असंच मला वाटतं. पण सीमाप्रश्नाच्या सभेत जातीचा विषय काढला की "आत्ता ती वेळ नव्हे" हे मी इतक्यांदा ऐकलंय की तो कथेला फुकटात मिळालेला संवाद आहे. तुमच्या राज्याला बाहेरचा एक शत्रू द्या, खरोखर छळणारा. मग आतलं बोलणारा आपोआप फितूर ठरतो.

शेवटी मनोरा पाडू नका, निदान एका पानात तरी नको. बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवण्णांच्या जात न मानणाऱ्या अनुयायांत, म्हणजे शरणांत, चांभार हरळय्याच्या मुलाचं ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी लग्न लागलं. राजानं दोन्ही बापांना देहदंड दिला, असं शरणांची परंपरा सांगते. बाकीचे शरण पांगले. कातडी कमावणारे कक्कय्या आपल्या खानापूर तालुक्यात आले. कक्केरीला त्यांची समाधी आहे. पुढं शरणांच्या मागून चालणाऱ्या लिंगायतांतही पोटजाती झाल्या आणि सोयरिकीच्या वेळी विचारल्या जाऊ लागल्या. म्हणून नायकाच्या नातवावर एक पान लिहाच. तो कुणाच्या घरचं पाणी पीत नाही?

लिहून झालं की घरात मोठ्यानं वाचा. कुठल्या वाक्याला कोण उठून आत गेलं, तिथं पेन्सिलनं खूण करा. ती वाक्यं खोडायची नाहीत. आणि स्पर्धेला पाठवताना कथेच्या पानांवर आडनाव घालू नका. परीक्षकही इथलेच असतात.