अंगावरून वारं गेलेल्या माणसाचा व्यायाम घरी कसा घ्यायचा (लॉकडाऊनमध्ये शिकलेलं)

मार्च 2020 मध्ये अण्णांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं (म्हणजे स्ट्रोक), हॉस्पिटलमधून सिडकोतल्या घरी आणलं आणि आठवड्याच्या आत लॉकडाऊन लागला, फिजिओ यायच्या बंद. स्ट्रोकनंतर पहिल्या तीनेक महिन्यांत सुधारणा सगळ्यात भराभर होते, त्यामुळे सगळं सुरू व्हायची वाट बघत बसणं परवडणारच नव्हतं. असं परत कोणाचं अडलं तर उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

आधी व्हिडिओ कॉल जमवा. आमच्या पहिल्या कॉलला फिजिओंना अण्णांचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसलं. फोन हातात धरू नका, समोर स्टुलावर डब्याला टेकवून ठेवा, पेशंट डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे. कोणता व्यायाम, किती वेळा आणि काय अजिबात करायचं नाही, हे वहीत लिहून घ्या. बीपीचं रीडिंगपण त्याच वहीत. ओळखीचे डॉक्टर मिळत नसतील तर सरकारची ई-संजीवनी आहे, एप्रिल 2020 पासून घरबसल्या ओपीडी सुरू झाली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लुळा हात धरून माणसाला ओढून उठवायचं नाही! खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा निसटतो आणि मग दुखण्यामुळे व्यायामच बंद पडतो. आधार कमरेला आणि पाठीला द्या, बसवलं की हाताखाली उशी. शर्ट घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला. आम्ही पहिले दोन दिवस उलटंच करत होतो.

हाताच्या व्यायामासाठी महागडं काही लागत नाही, लागतं ते एकच काम परत परत करणं. तेव्हा द्राक्षांचा सीझन होता, माल बागेतच अडकलेला, शेतकरी मिळेल त्या भावाला देत होते. चांगल्या हातात घड धरायचा आणि उजव्या हाताने एकेक मणी तोडून वाटीत टाकायचा. पहिल्या दिवशी चार मणी निघाले, त्यातले दोन फुटले. अण्णा वैतागले, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच घड मागितला.

ते मणी मात्र त्यांना खायला दिले नाहीत, गिळायला त्रास असेल तर अख्खं द्राक्ष घशात अडकतं. जेवताना ताठ बसवायचं, घास लहान, जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगाच, पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. आमच्याकडे ठसका ऐकू आला की शेजारचे खिडकी लावून घ्यायचे, कोरोना समजून.

पडून असतील तर दर दोन तासांनी कूस बदला. कबुतराचं रक्त चोळा म्हणून कोणीतरी सांगेलच, त्यांना चहा पाजा आणि सोडून द्या (तोही लॉकडाऊन उठल्यावर).

आणि परत तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं तर फोन 108 ला, कोरोनाच्या भीतीने घरी थांबू नका. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा. आमच्या फ्रिजवर त्याची चिठ्ठी अजून चिकटवलेली आहे, 108 मोठ्या अक्षरात, अण्णांनी डाव्या हाताने लिहिलेलं.