मीरशॉमचा पाइप पांढरा करायला आणू नका

नवी पेठेत मी फाउंटन पेन आणि घड्याळं दुरुस्त करतो. सोलापूर विड्यांचं गाव, इथे पाइप ओढणारा विरळाच. पण कपाटातून निघालेला आजोबांचा पाइप घेऊन लोक येतात आणि म्हणतात, "काका, पिवळा पडलाय, पांढराशुभ्र करून द्या." मी करत नाही. मीरशॉम हा तुर्कस्तानात एस्कीशेहिरच्या खाणींतून निघणारा मऊ, सच्छिद्र दगड. तंबाखूचा अर्क हळूहळू त्यात मुरतो, मग बुडापासून आणि दांड्यापासून मधाळ, पुढे तपकिरी रंग चढत जातो. हौशी माणूस त्या रंगासाठी वर्षानुवर्षं थांबतो, आणि तुम्ही तो पॉलिश पेपरने घासायला निघालात!

लाकडी पाइपची सवय असेल तर ती इथे विसरा. लाकडाच्या वाटीत, म्हणजे तंबाखू भरायच्या खोलगट भागात, काजळीचा थर मुद्दाम धरू देतात, म्हणजे लाकूड जळत नाही. मीरशॉम जळत नाही, त्याला थर नको. उलट हा थर जाड झाला की तापल्यावर दगडापेक्षा वेगळा फुगतो आणि वाटीला चीर जाते. म्हणून ओढून झाल्यावर पाइप पूर्ण निवू द्या, राख अलगद बाहेर काढा, कागदाची सुरळी आत फिरवा. बस्स. टेबलाच्या कडेवर आपटायचा नाही, चाकूने खरवडायचा नाही. जुना टणक थर असेल तर बारीक पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून थोडा थोडा उतरवा, तोही फक्त आतून.

पाणी लावू नका. हा दगड कोरणारे कारागीर तो आधी भिजवतात, कारण ओला झाला की तो चाकूने कापता येतो. तुमच्या हातात तो कापला जायला नको. बाहेरची धूळ जुन्या मऊ सुती कापडाने पुसा. चादरींच्या गावात कापडाची वाण नाही.

तापलेली वाटी हातात धरू नका. पाइपवर चढवलेलं मधमाशीचं मेण मऊ झालेलं असतं, बोटांचे डाग उठतात आणि रंग चट्ट्यापट्ट्यांचा चढतो. तोंडात धरायच्या नळीला धरा. पेटवायला साधी काडी वापरा, जेट लायटरने काठ काळा होतो.

आता नळी, हा माझ्या धंद्याचा भाग. जुन्या पाइपची नळी बऱ्याचदा एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची असते, जुन्या पेनांची असते तीच. उन्हात ती हिरवट-तपकिरी पडते. गरम पाइपमधून नळी कधीच ओढू नका, आतला जोड तुटतो. जोड आट्यांचा असेल तर जोर लावून आवळू नका. नळी सरळ रेषेच्या पुढे फिरत असेल तर कागदाची पातळ चकती मध्ये घाला. आतून साफ करायला कोरडा पाइप क्लीनर, म्हणजे केसाळ मऊ तार, पुरतो.

आपल्या उन्हाळ्याचं मात्र वेगळं सांगायला हवं. मधमाशीचं मेण साधारण ६२ अंशांना वितळतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढी उष्णता सहज होते. पाइप तिथे किंवा खिडकीतल्या शोकेसमध्ये ठेवू नका, डबीत घालून कपाटात ठेवा.

वरची चमक गेली असेल तर पुन्हा मेण देता येतं. मेणबत्तीचं पॅराफिन चालणार नाही, काष्ठौषधीच्या दुकानात मधमाशीचं मेण मागा. नळी काढून ठेवा. मेणाचं छोटं भांडं गरम पाण्यात ठेवून मेण पातळ करा, थेट आचेवर नको. हेअर ड्रायरने पाइप कोमट करा, मऊ ब्रशने पातळ हात फिरवा, मेण मुरू द्या आणि जास्तीचं गरम असतानाच कापडाने टिपून घ्या. चीर दिसत असेल तर हे करू नका, मेण चिरेत भरलं की पुढे तिथे गोंद धरत नाही.