ऐनवेळी जिन्नस संपला? आचाऱ्यांनो, या चुका टाळा

रविवारची दुपार, बाहेर नंबर लावून बसलेली गिऱ्हाइकं आणि आत खसखस संपलेली. कोल्हापुरातल्या मटणाच्या खानावळीत ही वेळ कधी ना कधी येतेच. तेव्हा आचाऱ्याचं डोकं चालावं लागतं, आणि घाईत नेमकं तेच चुकतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पांढरं दिसतंय म्हणून काहीही घालणं. पांढऱ्या रश्शाला कॉर्नफ्लॉवर लावलं की तो चिकट होतो, पिठूळ लागतो. आधी बघा, संपलेला जिन्नस पातेल्यात काम काय करत होता? खसखस दाटपणा आणि स्निग्धपणा देते. ते काम मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) किंवा काजू करतात. पांढरे तीळही चालतात, पण बेतानं आणि लाल न भाजता, नाहीतर कडवटपणा उतरतो. एरवी काजू घालत नसाल, तर जेवण वाढणाऱ्या पोरांना लगेच सांगा. काहींना काजूची ॲलर्जी असते. गिऱ्हाइकाला न सांगता केलेला असा बदल मला मान्यच नाही.

तांबड्या रश्शातही तेच. ब्याडगी मिरची रंगासाठी असते. ती संपली म्हणून तिखटजाळ लवंगी मिरची वाढवली तर रंग येणार नाही, घसा मात्र जळेल. त्यापेक्षा रंग थोडा फिका राहू द्या.

नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळी आली की रस्सा फुटतो. तो तसाच उकळत ठेवू नका. पातेलं उतरवा. काजू-मगजाचं वाटण थोड्या गरम रश्शात सैल करा आणि फुटलेला रस्सा त्यात एकेक डाव घालत घोटा. बहुतेक वेळा जुळून येतो.

मीठ जास्त झालं तर बटाट्यावर भिस्त ठेवू नका. तो खारं पाणी पितो, उरलेलं खारटच राहतं. मटणाचं थोडं बिनमिठाचं पाणी रोज बाजूला काढून ठेवा.

2019 आणि 2021 च्या महापुरात कोल्हापूरलगतच्या शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, मालाच्या गाड्या अडकल्या. अशा दिवसांत अख्खं मेनूकार्ड चालवायचा हट्ट धरू नये. अख्खा मसूर, पावटा, झुणका-भाकरी आणि बरणीतली कांदा-लसूण चटणी यांवर चोख जेवण देता येतं.

शिळ्या मालात मात्र डोकं चालवायचं नाही. रात्रभर बाहेर राहिलेला रस्सा उकळून पुन्हा वाढणं धोक्याचं आहे. काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही. तळणीच्या तेलातले टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर वाढणारे खराब घटक, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. काळं पडून फेसाळणारं तेल तर मोजायची वाट न बघता काढून टाका.